भोरच्या इफ्तारीला पेजेचं पातेलं

आम्हा पुण्याच्या खादाडांचा रमझान म्हणजे लष्कर भागातले कबाब नाहीतर मालपुवे. त्यामुळे शमीमचं आमंत्रण आलं तेव्हा माझ्या तोंडाला पाणीच सुटलं. पण ही कॉलेजातली मैत्रीण म्हणते कशी, "शनिवारी भोरला ये. कबाब नाहीत. भाभी पेज करणार आहे."

पेज! मला लहानपणीचा ताप आठवला.

भाभी म्हणजे फातिमा, शमीमची नवी भावजय, तंजावरकडची. तिच्या गावात रोजा सुटतो तो मशिदीत शिजलेल्या कांजीवर, म्हणजे एका तऱ्हेच्या पेजेवर, आणि सगळ्या जातीधर्मांची माणसं डबे घेऊन ती न्यायला येतात. भोरच्या घरी खजूर, भजी आणि भिजवलेली हरभऱ्याची डाळ. पंधरा रोजे तिने ती डाळ मुकाट खाल्ली. मग जाहीर केलं, की मी कांजी करून गल्लीत वाटणार. पातेलं संपलं तर ईद इथे, नाहीतर माहेरी.

सातारा रस्त्याने कापूरहोळला यायचं आणि उजवीकडे वळायचं, इतका भोरचा रस्ता सोपा. मी गाणी ऐकण्याच्या नादात फाटा चुकले आणि थेट सारोळ्याला नीरेच्या पुलापाशी पोचले. तिथे रस्त्याकडेला एक कलिंगड घेतलं आणि मुकाट मागे फिरले. पेट्रोल सोडलं तर या सहलीचा सगळा खर्च तेवढाच.

चारला पोचले तर चुलीवर हे मोठं पातेलं रटरटत होतं. जवळच्या उत्रोली गावचा तांदूळ, मूगडाळ, मेथ्या, भरपूर लसूण, नारळाचं दूध. शेजाऱ्यांना चालावी म्हणून बिनमटणाची. फातिमाने माझ्या हातात चमचा दिला. सगळ्यांचे रोजे, मग मीठ चाखणार कोण? माझं आमंत्रण यासाठी होतं तर! मी चार वेळा चाखलं. मिठासाठी दोनदा, उरलेलं लोभापायी.

पाचला पहिला डबा शेजारी गेला, आणि पाठोपाठ शेजारच्या सुमनमावशी लिंबं घेऊन धावत आल्या.

"कोण आजारी हाय गं? तुजी आई तर न्हाई ना?"

"कुणी नाही, मावशी," शमीम म्हणाली.

"मग येवढी पेज कुनासाठी?"

तोवर समोरच्या काकू मीठ-साखरेच्या पाण्याची पुडी घेऊन हजर. फातिमाला मराठी बेताचंच येतं, पण 'आजारी' कळतं. "हे बीमार लोकांचं जेवण?" तिने हळूच विचारलं आणि पातेल्यावर झाकण ठेवून आत गेली. मला फार वाईट वाटलं.

पावणेसातच्या सुमारास अजान झाली. शमीमच्या आईने खजूर तोंडात टाकला, आणि भज्यांकडे न बघता वाडगा पुढे केला. "आधी सुनेच्या हातचं." मग सुमनमावशींनाही बसवलं. त्यांनी भीतभीत एक घोट घेतला.

"आगं, लसूण हाय, नारळ हाय! आमच्या पेजंला कुठं असतंय येवढं? आन आनिक!" आणि दारात जाऊन ओरडल्या, "कुनी आजारी न्हाई गं! भांडी घिऊन या!"

अर्ध्या तासात पातेल्याचा तळ दिसला. शेवटचा वाडगा फातिमाने स्वतःसाठी राखला होता, तोही समोरच्या काकू घेऊन गेल्या. ती हसत होती आणि डोळे पुसत होती.

रविवारी शमीम मला नसरापूरमार्गे वेल्ह्याला घेऊन गेली. ती तिथेच नोकरी करते. तोरणा समोर आणि रस्ता वळणावळणाचा, तेव्हा सकाळी लवकर निघा. चहावाल्याने शमीमचा रोजा म्हणून मला हॉटेलामागे बसवून चहा दिला. मग तिच्याकडे जाऊन काळजीने म्हणाला, "म्याडम, घरी कोण आजारी हाय म्हनं? टेम्पोवाला सांगत हुता." बातमी आमच्या आधी पोचली होती!

संध्याकाळी भोरहून निघताना फातिमा आईशी फोनवर बोलत होती. तमिळमधलं मला ओ का ठो कळलं नाही. पण मध्येच तिने चक्क 'पेज' म्हटलं, आणि पुढे 'ईद', 'भोर'. शमीमने मला कोपर मारलं.

घरी परतून आठवडा झाला. काल मी तीच पेज केली, लसूण जरा जास्तच घालून. वासाने समोरच्या फ्लॅटमधल्या आजी दारात आल्या. "काय गं, कोण आजारी आहे?"

"कुणी नाही, आजी," मी म्हटलं. "भांडं घेऊन या."