साळव्यांची मोड

जनार्दन साळवी मुळातच घुमे. आखातात अल् खुवैरच्या एका कंपनीत नकाशे काढण्यात हयात गेली, पण त्यांचा एक नाद होता आणि तो कुणाला ठाऊक नव्हता. मध्ययुगातली इंग्लंडची चांदीची नाणी ते टपालाने मागवून जमवत. दुर्मीळ अख्खी पेनी आवाक्याबाहेरची, म्हणून अर्धी, पाव. त्या काळी तिकडे सुट्ट्या पैशांची चणचण. पेनीच्या पाठीवर क्रूस असे. त्याच्या रेघेवर कातर चालवली की झाले दोन तुकडे, नाहीतर चार. काळवंडलेले ते मूठभर तुकडे रुवी भागातल्या त्यांच्या घरी कपाटातल्या डबीत असत.

२०१४ सालच्या एका दुपारी ऑफिसात घरून कलावतीबाईंचा फोन आला. समोर मॅनेजर बसलेला.

“अहो, डबीत हे चांदीचे तुकडे कसले?”

साळवी ओशाळले. “मोड आहे ती,” म्हणाले नि फोन ठेवला.

सुट्ट्या पैशांना आपल्याकडे मोडच म्हणतात. तुकडे होते तेच. तरी थोड्या वेळाने त्यांच्या डोक्यात आलं. मोड सोनाराकडेही असते, जुन्या दागिन्यांची, पण ती आटवायची. त्यांनी घरी फोन लावला. नुसता वाजत राहिला. पुन्हा लावला. कुणी उचलेना.

टॅक्सी करून घरी आले, तर ओट्यावर डबी घासूनपुसून पालथी घातलेली.

“मधुशेठकडे टाकली सगळी,” कलावतीबाई खुशीत म्हणाल्या. “उद्या बारशाला निघायचं, आपल्या मनालीच्या बाळाला वाळे नकोत? मोड जमवलीत आणि बायकोला पत्ता नाही! अहो, निघालात कुठे?”

मधु सोनाराचं दुकान खालच्याच गल्लीत. आतल्या खोलीतून गॅसच्या बत्तीचा सूं सूं आवाज येत होता. साळवी पायरीवर पोचले आणि तो थांबला.

“या साळवीसाहेब! काय काळीकुट्ट मोड हो! खापरपणजीचे तोडे की काय?” मधु चिमट्यात चांदीची कांब धरून बाहेर आला. “पण माल नंबरी.”

कांब पांढरीफेक. ना क्रूस, ना राजाचं तोंड. धग अजून अंगाला लागत होती.

“एखादा तुकडा राहिला असेल...”

“संशय घेता होय? मधु सोनार मोडीतला कण ठेवत नाही!” तो हसला. “बोला, वाळ्यांना घुंगरू लावू?”

साळव्यांना कांबीकडे बघवेना.

“लावा,” ते म्हणाले. “आणि हिला सांगा, चांदी चांगली निघाली.”