इंग्रजी खून मराठीत सांगताना

आमच्या घरात इंग्रजी खून बघायला सुरुवात झाली ती आईंमुळे. आई म्हणजे माझ्या सासूबाई. माझा नवरा गेल्यावर घरात आम्ही दोघीच उरलो, अंबरनाथ पूर्वेला, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगमध्ये. संध्याकाळी मी कामावरून आले की आम्ही मराठी मालिका लावायचो. त्यात कोणी ना कोणी रडतच असायचं आणि रडणं संपेपर्यंत कॅमेरा तिच्या तोंडावरून हलायचा नाही. एका संध्याकाळी आईंनी रिमोट माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "बंद कर गो हे. आपलं रडून झालंय."

मी बटणं दाबत गेले आणि एक इंग्रजी मालिका लागली. हिरवंगार खेडं, दगडी घरं, चर्च, सायकलवरून चाललेली एक म्हातारी. थोड्याच वेळात चर्चच्या मागे प्रेत सापडलं. कोणी छाती पिटली नाही. एक बाई नुसती "ओ डिअर" म्हणाली आणि चहाची किटली ठेवायला आत गेली. आई खुर्चीत पुढे सरकून बसल्या.

आईंना इंग्रजी येत नाही. माझं इंग्रजीही कामापुरतं. एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या खरेदी खात्यात बसून मी पत्रं लिहिते, त्यात कोणी कोणाला मारत नाही. पण खाली अक्षरं येत होती, ती वाचून मी सांगायला लागले. चार वाक्यं झाली की रिमोटनं थांबवायचं, मराठीत सांगायचं, पुन्हा सुरू. तासाभराचा खून आम्हाला दोन संध्याकाळी पुरायचा.

पहिली अडचण माणसांची होती. तिथला व्हिकार कोण, हे मी दोनदा समजावलं, तिसऱ्यांदा कंटाळून म्हटलं, "भटजी." आईंना लगेच कळलं. मग मी मागेपुढे बघितलंच नाही. मोठ्या बंगल्यातला लॉर्ड झाला खोत, त्याची बायको खोतीण, पांढरे हातमोजे घालणारा नोकर झाला गडी आणि इन्स्पेक्टर झाला फौजदार. पदं अशी वाटून दिल्यावर गोष्ट भराभर पुढे सरकायला लागली.

आईंचं माहेर संगमेश्वराकडचं. तिथल्या शेतांमधली दगडी कुंपणं बघून त्या चकितच झाल्या. "हा तर गडगा! आमच्याकडे असाच असतो." तेव्हापासून कोणीही मेलं की त्यांचा पहिला अंदाज ठरलेला असायचा, की गडगा सरकवण्यावरून वाद झाला असणार. तो अंदाज दर वेळी चुकायचा. तिकडची माणसं जुन्या प्रेमप्रकरणांवरून आणि मृत्युपत्रांवरून मारतात, गडगा सरकवत नाहीत. आईंना हे कधीच पटलं नाही. फौजदारानं खुनी पकडला तरी त्या म्हणायच्या, "त्यानं नीट तपास केला नाही."

त्यांचा दुसरा आक्षेप सुतकाचा होता. घरातलं माणूस गेलंय, प्रेत अजून फौजदाराच्या ताब्यात आहे, आणि त्याची बायको केक भाजतेय. शेजारीण येते ती तिचाच केक खाते. "चूल पेटलीच कशी?" आई विचारायच्या. मी म्हणायचे, त्यांच्यात नाही पाळत. "मग कळायचं कसं कोणाला दुःख झालंय?" याचं उत्तर आईंनी स्वतःच शोधलं. ज्या माणसानं पुढ्यातला चहा तसाच ठेवला, तो दुःखात आहे किंवा खुनी आहे, एवढंच त्या धरून चालायच्या. यात मात्र त्या बऱ्याचदा बरोबर निघायच्या.

मला त्या मालिका का आवडायच्या, ते सांगायला हवं. मी फार रडणारी बाई नाही. माझा नवरा सकाळी कामावर जायला निघाला, बूट घालायला स्टुलावर बसला आणि उठलाच नाही. डॉक्टर म्हणाले, अटॅक. एवढा एक शब्द, आणि मग सगळे कामाला लागले, कोण फुलं आणायला, कोण शववाहिनीला फोन करायला. का, कसं, आदल्या दिवशी काय झालं होतं, हे कोणी विचारलं नाही. इंग्रजी मालिकेत कसल्याही फालतू माणसाचा खून होऊ दे, कोणीतरी त्याच्या घरी जातं, त्याच्या खुर्चीकडे बघतं, त्याला काय आवडायचं ते विचारतं. मेलेल्या माणसाची चौकशी होते. मला तेवढंच हवं होतं आणि ते मी दर आठवड्याला परक्या माणसाच्या नावानं बघून घेत होते.

असं आमचं बरं चाललं होतं. मग विषाचा भाग लागला.

त्यात एक विधवा सून सासूबरोबर राहत असते. सासू मरते. संशय पुतण्यावर, माळ्यावर, भटजीवर फिरत राहतो. शेवटाकडे माझ्या लक्षात आलं की खुनी सून आहे. तिनं रोजच्या चहातून विष दिलेलं असतं. आईंच्या हातात तेव्हा मी दिलेला चहाचा कप होता. मी काही विचार न करता खून पुतण्याच्या गळ्यात घातला. तोंडातून निघून गेलं. पडद्यावर मात्र पोलीस सुनेला घेऊन चालले होते.

"तिला कुठे नेतायत?"

"साक्षीला."

"हातकड्या घालून?"

मी रिमोटशी चाळा करत बसले. आई माझ्याकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "सुनेनंच केलं ना? मग तसं सांग की. मला काय भीती आहे तुझी?" आणि उरलेला चहा त्यांनी एका घोटात संपवला. मला हसू आवरेना. त्याही हसल्या. नवरा गेल्यापासून आम्ही दोघी मिळून इतक्या हसलो नव्हतो.

तिथेच थांबलं असतं तर काही बिघडलं नसतं. पण दर रविवारी आई बदलापूरला थोरल्या मुलाला फोन करतात. तो माझा मोठा दीर, मी भाऊजी म्हणते. आईंनी फोन लावला आणि हालहवाल व्हायच्या आतच सांगून टाकलं, "अरे, आमच्याकडे परवा सुनेनं सासूला चहातून विष दिलं." मी स्वयंपाकघरातून ओरडले, "मालिकेत, भाऊजी, मालिकेत!" ते हसले, पण उशिरा हसले, आणि फोन ठेवताना म्हणाले, आईला आता बदलापूरलाच आणतो.

पुढच्या रविवारी भाऊजी आणि जाऊबाई गाडी घेऊन आले. आईंना कायमचं बदलापूरला न्यायचं, हे त्यांच्या मनात आधीपासून असणार, विषानं फक्त निमित्त दिलं. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. आमचे तीन मजले आईंच्या गुडघ्यांना झेपत नव्हते. दिवसभर त्या एकट्या असायच्या. बदलापूर पश्चिमेला भाऊजींचा नवा फ्लॅट, लिफ्ट, खाली बाग, बागेत म्हाताऱ्यांचा ग्रुप. आणि लोक विचारतातच, मुलगा जवळ असताना आई विधवा सुनेकडे का?

मला त्या जायला नको होत्या. हे माझ्या मनात अगदी स्वच्छ होतं. त्या गेल्या की संध्याकाळी कुलूप मीच उघडणार आणि आत मीच शिरणार, या विचारानं मला धास्ती वाटत होती. पण सख्खा मुलगा आईला न्यायला आलाय आणि नवरा नसलेल्या सुनेनं 'त्यांना इथे राहू द्या' म्हणायचं, एवढा हक्क आपला आहे असं मला वाटत नव्हतं. म्हणून मी फोननंतर आठवडाभर काहीच बोलले नाही. उलट आईंच्या नऊवारी धुऊन, इस्त्रीला देऊन आणल्या. जायचंच झालं तर नीट जाऊ देत.

चहापाणी झालं. भाऊजी उभ्यानंच बोलायला लागले. "आई, बॅग भरू या ना? ट्रॅफिक लागायच्या आत निघू."

"बस आधी," आई म्हणाल्या. "तूही बस गो," हे जाऊबाईंना. मी ओट्यापाशी होते, मलाही बोलावलं. आम्ही तिघं हॉलमध्ये बसलो, भाऊजी आणि जाऊबाई सोफ्यावर, मी प्लॅस्टिकच्या खुर्चीत. आई समोर बसल्या, हात मांडीवर. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की आईंनी मालिकेतल्या फौजदारासारखं सगळ्यांना एका खोलीत जमवलंय, आणि आता त्या एकेकाला घेणार.

"तू सांग," त्या भाऊजींना म्हणाल्या. "मला का नेतोयस?"

"का म्हणजे? आई, तुझ्यासाठीच ना. लिफ्ट आहे, गार्डन आहे, सिनियर सिटिझनचा ग्रुप आहे..."

"ते झालं. आणखी?"

भाऊजींनी मोबाइल एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "लोक बोलतात, आई. मला ऐकून घ्यावं लागतं."

"बरं. आणि तू?"

जाऊबाई जरा गडबडल्या. मग म्हणाल्या, "खरं सांगू का, आई? मुलगी क्लासवरून येते तेव्हा घरात कोणी नसतं. तुम्ही असलात तर माझं टेन्शन जाईल." भाऊजींनी त्यांच्याकडे रागानं बघितलं. आईंनी मात्र मान डोलावली. "हे सरळ बोललीस. मला आवडलं."

मग त्या माझ्याकडे वळल्या. "तुझं काय?"

मी वाक्य तयार ठेवलं होतं. "तुमची सोय जिथे होईल तिथे तुम्ही राहावं, एवढंच माझं म्हणणं आहे."

"हे तू मराठी करून सांगितलंस," आई म्हणाल्या. "तिकडे ती खरं काय बोलली ते सांग."

भाऊजींना काही कळलं नाही. त्यांनी जाऊबाईंकडे बघितलं. जाऊबाईंनी खांदे उडवले. मी आईंकडे बघत होते. खरं ते बोलायचं, हे लिहिताना सोपं वाटतं, तेव्हा अजिबात सोपं नव्हतं. मी या घरात लग्न होऊन आले तेव्हापासून कोणाकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. नवऱ्याकडेसुद्धा.

"जाऊ नका," मी म्हटलं. "मला तुम्ही इथे हव्या आहात."

आणि मग, थांबता येईना म्हणून, पुढचंही बोलून टाकलं. खालच्या मजल्यावरच्या ताई दिवसभर आईंकडे बघतील, मी त्यांच्याशी बोलेन. तळमजल्यावर भाड्यानं जागा मिळते का, तेही बघेन. भाऊजी, तुम्हाला लोक विचारतील तर सांगा, भावजयीनं सोडलं नाही. माझा आवाज चढला होता. शेवटी शेवटी मी रडत होते, मराठी मालिकेतल्या बायकांसारखी.

भाऊजी उठले. "म्हणजे आम्ही काय आईला फेकून देणार होतो? असं बोलायचं काय कारण होतं?" त्यांचा चेहरा लाल झाला होता. "ठीक आहे. ठेवून घे. पण उद्या काही झालं तर मला फोन करू नकोस." ते चपला घालायला लागले. जाऊबाईंनी जाता जाता माझ्या दंडाला हात लावला. आई मुलाला म्हणाल्या, "मे महिन्यात शाळेला सुट्टी लागली की मला न्यायला ये. नातीबरोबर राहीन महिनाभर." भाऊजींनी मान हलवली, पण वळून बघितलं नाही. खाली गाडीचं दार आपटल्याचा आवाज आला.

मी कप उचलून स्वयंपाकघरात गेले. भाऊजी कधी असे बोलले नव्हते. मी नळ सोडला आणि कप विसळायला लागले. आई मागून आल्या, भिंतीला धरत. दारातल्या स्टुलावर बसल्या.

"मलाही नव्हतं जायचं," त्या म्हणाल्या.

मी नळ बंद केला. "मग सांगायचं ना तुम्हीच. आधीच."

"आईनं मुलाच्या तोंडावर म्हणायचं, तुझ्या घरी नको, सुनेच्या घरी हवं? मेला असता तो. जन्मभर मनात ठेवलं असतं त्यानं." त्यांनी पदरानं कपाळ पुसलं. "तू म्हटल्यावर नुसता चिडला. तुझ्यावर चिडलाय, तो निवळेल."

"म्हणजे मला पुढे केलंत."

"केलं," आई म्हणाल्या. "तुला नाही तर कोणाला करणार?"