गेलतो

प्रोजेक्टर तापल्याचा वास आला की मला बेळगावच्या कॉलेजातलं आमच्या गटाचं प्रेझेंटेशन आठवतं. विषय होता, बोललेलं लिहून काढणारं तंत्रज्ञान. आमच्यातला सगळ्यांत अबोल मित्र फोनसमोर म्हणाला, "काल मी सांबऱ्याला गेलतो." पडद्यावर उमटलं, "काल मी सांबऱ्याला. गेला तो." अख्खा वर्ग हसला आणि आता मार्कही गेले, असं मला वाटलं. मित्र मात्र शांतपणे म्हणाला, "मॅडम, मी बरोबरच बोललोय. त्येला आमची भाषा अजून कुणी शिकवलेली न्हाय." घरी कन्नड बोलणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "मग तुम्हीच शिकवा की." आता तो तेच काम करतो. परवा त्याचा मेसेज आला, "संकेश्वरला गेलतो." त्याखाली आणखी एक ओळ होती, "ह्ये मी टाइप केलेलं न्हाय, नुसतं बोललोय."