संथ लयीचा पखवाज

तर कणीक काही केल्या चिकटेना, इथवर आलो होतो आपण. काल जे नव्हते त्यांच्यासाठी सांगतो. जुन्या चालीच्या भजनात पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक थापून बसवतात, तेव्हा कुठं त्यातून पोटातून आल्यासारखा भरीव आवाज निघतो. भजन संपलं की ती खरवडून गाईला घालायची. गडमुडशिंगीच्या कृष्णातआबांनी जन्मभर असाच पखवाज वाजवला, पण कणीक काही जन्मात मळली नव्हती. त्यांची बायको चिमणाबाई आतून गोळा आणून हातावर ठेवायची आणि आबा तो थापायचे. आज तिलाच जाऊन वर्ष झालं होतं, आणि भजन तिच्याच नावानं होतं.

त्यावरून घरात आठवडाभर धुसफूस चालली होती. पोरगा विजयसिंह कागलचं मंडळ बोलवायच्या बेतात होता. कीबोर्ड, ऑक्टोपॅड, उरात धडधडेल असला स्पीकर.

"आबा, माणसं बसवायची तर असलंच लागतंय. तुमच्या जुन्या भजनात एका अभंगाला अर्धा तास. लोकं जांभया देत्यात."

"देऊ देत की. वीणा, टाळ आन पखवाज. पयलं व्हतं तसं. पेटी न्हाय, माईक न्हाय. येवढा एक दिस माजा."

"आणि माणसं उठली तर?"

"तर मी बी उठतो. पखवाज टाकतो माळ्यावर, पुन्ना हात लावत न्हाय. मग तर झालं?"

म्हातारा बोलून गेला खरा, पण त्या रात्री त्यांनी पखवाज पुसून पुसून पुन्हा गवसणीत घातला होता.

आणि आता जेवणं उरकून माणसं अंगणात मांडी घालून बसलेली, अन् कणीक ऐकेना. पहिली सैल झाली, ओघळून आबांच्या धोतरावर आली. दुसरी इतकी घट्ट, की पहिल्याच थापेला निखळून वीणा धरलेल्या पिराजीच्या पुढ्यात पडली.

पिराजी म्हणाला, "कृष्णाता, भजन हाय का चपात्या लाटायचा कार्यक्रम?"

अंगण हसलं. आबाही हसले, पण बोटं परातीतच राहिली. चिमणाबाई पाणी किती घालायची? हे एकदाही विचारलं नव्हतं. बाईमाणसाचं काम म्हणून आत वळून बघितलंसुद्धा नव्हतं.

शेवटी चिमणाबाईची धाकटी बहीण बायडाबाई पदर खोचून आली. "सरा दाजी. तुमच्यानं चिखलबी मळायचा न्हाय." तिची कणीक बसली. आवाज मात्र हवा तसा नव्हता, जरा पोकळ. आबांना तो कळला, बाकी कुणाला कळायचं कारण नव्हतं.

पिराजीनं सूर लावला. गळा थकलेला, पण जुनी चाल त्यानं जशीच्या तशी धरली. एकेक ओळ चार चार वेळा, दोन ओळींमध्ये नुसता टाळ. पहिला अभंग लोकांनी रेटला. दुसऱ्याला मोबाईल निघाले. जयसिंगपूरच्या पावण्यांना एसटी आठवली, पोरांना एमआयडीसीची दुसरी शिफ्ट. "येतो आबा" म्हणत एकेकजण पाया पडून जाऊ लागला. आबा वाजवता वाजवता मानेनंच निरोप देत होते. तिसरा अभंग संपला तेव्हा अंगणात चार माणसं होती, त्यातलं एक झोपलेलं.

बायडाबाई रिकामे कप गोळा करत होती. तिच्या तोंडाला काय दार असतंय?

"सांगू का दाजी, राग मानू नका. आमच्या आक्कालाबी ह्याचा लय कंटाळा. मला म्हणायची, 'तुजं दाजी वाजवाय लागलं की माजं डोळंच उघडं ऱ्हाईत न्हाईत.' जन्मभर कणीक मळली बिचारीनं, पर एक भजन सगळं ऐकलं न्हाय."

पिराजीनं वीणा खाली ठेवली. बायडाबाईलाही आपण काय बोललो ते उमगलं असावं, ती कप घेऊन आत गेली. आबांनी नखानं हळूहळू कणीक खरवडायला घेतली.

विजयसिंह त्यांच्याजवळ उकिडवा बसला. पैज जिंकल्याचा आनंद त्याच्या तोंडावर नव्हता.

"आबा, मावशी उगंच बोलती. पखवाज राहू दे बाहेरच."

आबांनी नकारार्थी मान हलवली.

"पर तुम्हाला ठाऊक होतं? आईला कंटाळा यायचा ते?"

"व्हय."

"मग निदान आजच्या दिवशी तरी तिला आवडंल असं काहीतरी लावायचं. हेच कशाला?"

आबांनी पखवाजाची दोरी सैल केली, गवसणी ओढून घेतली आणि म्हणाले, "तुजी आई दिसभर बसल्याली मी कवा बघितली न्हाय रं. म्हशी, रान, चूल, तुमी पोरं. मी वाजवाय लागलो की तेवढी खांबाला टेकायची, आन दुसऱ्या अभंगाला डोळं मिटायची. लोकं म्हणायची, कृष्णाता, पखवाजाची लय वाढीव की जरा. मी न्हाय वाढवली. ती जागी झाली असती."