सकाळच्या पट्ट्या

हिंजवडीतली नोकरी सोडल्यावर मी मार्केट यार्डातल्या एका अडत्याचा डेटाबेस सांभाळायला घेतला. इथे निदान मीटिंगा नव्हत्या. एकदा मालकांचा फोन आला, "मॅडम, नवीन बाई ठेवतोय. तिला शिकवायला याल का?"

तेव्हा कामावर असलेल्या बाई वारज्याहून यायच्या. माल विकला गेला की शेतकऱ्याला हिशोबाची पट्टी छापून द्यायचं काम त्यांचं. नवरा आजारी, घर त्यांच्याच पगारावर. मालकांची तक्रार अशी, की दुपारी बाई भराभर पट्ट्या काढतात, सकाळी मात्र झोपेत असतात. शेतकरी खिडकीशी खोळंबून त्यांनाच बोलत.

शिकवण्याआधी बघावं म्हणून मी सकाळी शटर उघडतानाच पोचले. मालकांनी आत शिरून मेन स्विच वर केला, तेव्हा कुठे सर्व्हर सुरू झाला. "हा रोज बंद होतो?" मी विचारलं. शेजारचा गाळा शॉर्ट सर्किटने जळाल्यापासून ते रोज स्वतःच्या हाताने मेन स्विच पाडूनच कुलूप लावत.

मी डेटाबेसला भरपूर मेमरी दिली होती. एकदा वाचलेली माहिती तिथेच राहावी, पुन्हा डिस्कवर शोधायला लागू नये, यासाठी. पण वीज गेली की मेमरी कोरी. सकाळी सगळं डिस्कवरून रखडत यायचं. बाईंची बोटं झपाझप चालायची आणि स्क्रीन ढिम्म.

मालकांना हे सांगितलं. "मग काय मशीनसाठी दुकान जाळू?" ते म्हणाले. मला त्यांचा रागही आला आणि त्यांचं पटलंही. शेवटी मी सर्व्हरलाच लावून दिलं, की सुरू होताच रोजची माहिती आधी वाचून मेमरीत घ्यायची. मालकांची दिवाबत्ती होईपर्यंत ते उरकणार होतं.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम गेले. पहिल्याच शेतकऱ्याला उभ्या उभ्या पट्टी मिळाली. "आज बाईंचा हात लई चालतोय," तो म्हणाला.

मालक हसले. "बाई, आज झोप झालेली दिसते."

मला संताप आला. मी बोलणार, एवढ्यात बाईच म्हणाल्या, "मालक, कालही झाली होती." मग खिडकीकडे वळून, "या दादा, पुढे या."

मालकांनी नव्या बाईचा विषय पुन्हा काढला नाही. माफीचाही नाही.