बाजूची खोली

गणवेशाच्या कारखान्यात तिला सगळे कटरबाई म्हणत. कापडाचे थर एकावर एक रचायचे आणि एका दमात बाह्या कापायच्या, हे तिचं काम. एक थर सुलटा, एक उलटा, म्हणजे एक बाही डावी निघते, एक उजवी. एके दिवशी तिने सगळे थर सुलटेच रचले. ढीगभर बाह्या निघाल्या आणि सगळ्या डाव्या! सुपरवायझरने तिच्या थरथरत्या हातांकडे पाहिलं आणि पुन्हा असं झालं तर कामावर येऊ नका, म्हणून बजावलं. दोऱ्याच्या रिळांमागची बाटली त्याला दिसली नाही. दिसली असती तरी त्याने ती कुणा पुरुषाचीच धरली असती.

कारण बाई पिते हे कुणाच्या डोक्यात शिरतच नाही. तिने धीर करून डॉक्टरांजवळ विषय काढला, तर डॉक्टरांनी मिस्टर किती वर्षं पितात ते विचारलं आणि तिला टॉनिक लिहून दिलं. दारू सोडू पाहणाऱ्यांच्या बैठकीचा नंबर मिळवून फोन केला, तर पलीकडून गोड आवाजात सल्ला आला, की ताई, त्यांनाच फोन करायला सांगा. त्या बिचाऱ्या मिस्टरांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं आणि त्यांनी जन्मात थेंब घेतला नव्हता. डाव्या बाह्यांच्या दिवशी तिने घरी येऊन त्यांना सगळं खरं सांगितलं होतं. ते एवढंच म्हणाले होते, की बैठकीला जा, मी आहे.

मिळवलेल्या पत्त्यावर गेली तर बैठक तिथून हललेली. दोन ठिकाणी विचारत, नजरा झेलत, शेवटी वाचनालयाच्या मागच्या बोळात तिला दोन दारं सापडली. एका दारात खुर्च्या मांडणारा गृहस्थ होता. तिने तोंड उघडण्याआधीच तो आदराने म्हणाला, "ताई, घरच्यांची बैठक बाजूच्या खोलीत."

आणि ती गेली! तिथल्या तिथे त्याला सुनवायचं सोडून निमूट गेली, याचा तिला पुढे कितीतरी दिवस राग येत राहिला. बाजूच्या खोलीत बायका होत्या, आया होत्या, आणि सगळ्यांना सांभाळणाऱ्या एक निवृत्त मुख्याध्यापिका. इथलं बोलणं इथेच राहतं, असं त्यांनी सुरुवातीलाच छातीठोकपणे सांगितलं. तिची पाळी आली तेव्हा तिने सगळं सांगितलं. रिळांमागची बाटली, कपड्यांनिशी झोपणं, रोजच्या थापा, डाव्या बाह्या. शब्द न् शब्द खरा होता. फक्त 'मी'च्या जागी तिने 'हे' घातलं. बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. कुणीतरी तिचा हात धरला. इतकी माया तिला कुठेच मिळाली नव्हती, म्हणून ती पुढच्या आठवड्यातही गेली आणि त्याच्या पुढच्याही. घरी विचारलं की बैठक छान झाली म्हणायची. पिणं चालूच होतं. बाजूच्या खोलीत बसून कुणाची दारू सुटते?

एकदा ती नवऱ्याचा डबा दुकानात द्यायला गेली, तेव्हा मुख्याध्यापिकाबाई समोरच्या फुटपाथवर होत्या. डबा घेणारा माणूस त्यांनी नीट पाहून ठेवला. ती वळल्यावर बाई तरातरा दुकानात शिरल्या.

संध्याकाळी नवरा जेवताना म्हणाला, "आज एक बाई आल्या होत्या. गिऱ्हाइकांसमोर म्हणाल्या, दारू सोडा, बायकोला किती छळाल. बाह्यासुद्धा डाव्या कापता म्हणाल्या. मग माझ्या लक्षात आलं."

तिने हातातला घास ताटात परत ठेवला. "तुम्ही काय म्हणालात?"

"सोडतो म्हटलं."

तो पुन्हा जेवू लागला. त्याने आदळआपट केली असती तर बरं झालं असतं. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. राग बाईंवर, त्या खुर्चीवाल्यावर, डॉक्टरांवर, आणि सगळ्यांत जास्त स्वतःवर. एका सज्जन माणसाची अब्रू तिने हळहळ मिळवायला वापरली होती.

बैठकीच्या दिवशी ती आधी बाजूच्याच खोलीत गेली आणि उभ्याउभ्याच म्हणाली, की माझा नवरा पीत नाही, मी पिते, आणि बाई, तुम्ही त्याच्या दुकानात जायला नको होतं.

मुख्याध्यापिकाबाईंनी समजुतीने मान हलवली. "अगं, नवऱ्याला पाठीशी घालू नकोस. सगळ्या बायका असंच करतात."

बाकीच्यांनीही माना हलवल्या. तिने त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि दार ओढून घेतलं. पलीकडच्या दारात तोच गृहस्थ खुर्च्या मांडत होता.

"ताई, घरच्यांची बैठक..."

"तिथूनच आले," ती म्हणाली. "तिथे कुणाचा विश्वास बसत नाही. माझ्या हातांकडे बघा."

तिने दोन्ही हात पुढे केले. आज ते लपवायचे नव्हते. खोलीतले पुरुष बघत राहिले. त्या थरथरीची ओळख तिथे प्रत्येकाला होती. गृहस्थाने मान खाली घातली आणि हातातली खुर्ची तिच्यासमोर ठेवली.

बसता बसता ती म्हणाली, "आधी लिहून घ्यायचं तर घ्या. माझा नवरा पीत नाही."