वरचं एक डाळिंब

मी बारामतीच्या कोर्टात वकिली करते. म्हणजे बहुतेक वाटपाचे दावे, बांधाची भांडणं आणि विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या. पण पुण्यात कायदा शिकताना मी हौसेनं एक वेगळाच विषय घेतला होता, देशादेशांमधल्या खरेदी-विक्रीचा कायदा. माहेरी हे कळलं तेव्हा हशा पिकला. चुलतभाऊ म्हणाला, "आता हिच्याकडं हॉलंडच्या बांधाची भांडणं येणार!" पुढं कुठल्याही लग्नात मी दिसले की हा विनोद व्हायचाच. मी पडले तापट. हसून सोडून देणं मला जमत नाही. मी भांडायची आणि लोक आणखी हसायचे.

माहेर माझं इंदापूर तालुक्यात. माझे थोरले चुलते, आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो, तिथल्या डाळिंबवाल्या शेतकऱ्यांच्या गटाचे प्रमुख. गटानं पहिल्यांदाच मधल्या कुणाला न धरता थेट हॉलंडच्या एका व्यापाऱ्याशी करार केला होता. गावातले निम्मे बागाईतदार एकट्या आबांच्या शब्दावर आत आले होते. वाडवडलांपासूनचा आडत्या सोडून येणं सोपं नव्हतं. कुणी त्याच्याशी वाकडं घेतलं, कुणी त्याच्या घरच्या लग्नाला जायचं बंद केलं. माल गेला, कंटेनर जहाजावर चढला, आबांनी गावात पेढे वाटले.

आता आबांची एक खोड सांगायला हवी. आमच्याकडं ज्वारी मोजून देतात ती मापावर शीग ठेवून, आणि शीग ठेवली तरी वर एक मूठ टाकतात. काटेकोर मोजून देणारा माणूस आबांच्या लेखी माणूसच नव्हे. पेट्या भरताना प्रत्येक पेटीच्या कोपऱ्यात थोडी जागा उरत होती. आबा शेडमध्ये आले, ते बघितलं आणि पेट्या भरणाऱ्या बायकांना म्हणाले, "अगं, एवढ्या लांबच्या माणसाला देतोय आपण. वर एक फळ टाका की!" बायकांनी टाकलं. एका पेटीत नाही, सगळ्या पेट्यांत. मनापासून, हसत हसत, निवडून चांगलं फळ टाकलं.

झालं! माल तिकडं पोचला आणि हॉलंडहून निरोप आला. पेटीवर लिहिलेलं वजन वेगळं, आतलं वेगळं. कराराप्रमाणं पेट्या नाहीत, सबब सगळा कंटेनर नामंजूर. परत न्या, नाहीतर आम्ही टाकून देतो. फारच झालं तर पडेल भावात ठेवून घेऊ. त्या आठवड्यात तिकडचा बाजार कोसळला होता, हे आम्हाला दुसऱ्या एका निर्यातदाराकडून कळलं. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय? फळाला एक डाग नव्हता, आणि हे म्हणे पेटी जड झाली.

आबांचा फोन आला तेव्हा मी कोर्टाच्या आवारात होते. आवाज पार बसलेला. म्हणाले, "करायला गेलो गणपती अन् झाला मारुती. येतीस का, पोरी?"

मी आधी माझ्या सीनियरना विचारलं. ते भले गृहस्थ, पण त्यांचं म्हणणं एकच, "पडतं घ्या. परदेशातल्या माणसाशी कोण भांडत बसणार?" माझं डोकं सणकलं. सकाळची एसटी धरली आणि गाव गाठलं.

शेडमध्ये गटातली माणसं बसलेली. चहाला कुणी हात लावला नव्हता. एक म्हातारे बागाईतदार आबांना म्हणाले, "आबा, आमी काय कागद बघून आलो न्हाय. तुमच्याकडं बघून आलो." त्यात राग नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. आबा म्हणाले, "व्हय. माल वाया गेला तर मी हितं बसणार न्हाय. अन् मी उठलो की गट बी ऱ्हात न्हाय, हे मला कळतंय." आबांना खाली मान घालून बसलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच क्षणी मला भयंकर राग आला. हे दोन्ही मला एकदमच येतं.

मी करार मागून घेतला आणि उजेडात जाऊन वाचत बसले. चुलतभाऊ मागं उभा. "काय दिसतंय का, वकिलीणबाई?" मी म्हटलं, "तू जरा गप बस." शेवटच्या पानावर होतं, बारीक अक्षरात: या कराराला खरेदीदाराच्या देशाचा कायदा लागू राहील. मी असली ओरडले की बाहेरची कुत्री भुंकायला लागली.

सगळे धावत आले. मी त्यांना समजावलं. बऱ्याच देशांनी बसून ठरवलंय की एका देशातला माल दुसऱ्या देशात विकला तर भांडणाचे नियम दोघांना सारखेच असावेत. हॉलंडनं ते मान्य केलेत. आपल्या देशानं अजून सही केलेली नाही. पण या हॉलंडच्या व्यापाऱ्यानं स्वतःच्या हातानं स्वतःच्या देशाचा कायदा इथं लिहून ठेवलाय, म्हणजे ते नियम आपसूक आत आले. आणि त्यात साफ म्हटलंय, ठरल्यापेक्षा जास्त माल आला तर घेणाऱ्यानं जादाचा तेवढा नाकारावा, नाहीतर ठेवून घ्यावा आणि ठरल्या दरानं त्याची किंमत द्यावी. वर एक फळ आलं म्हणून अख्खी पेटी फेकता येत नाही.

म्हातारे बागाईतदार म्हणाले, "मग ह्यो तर आपल्यासारखाच कायदा हाय की! वरची मूठ नको तर परत टाक, पोतं कशाला फेकतूस?"

दुपारी व्हिडिओ फोन लावला. पडद्यावर हॉलंडचा माणूस, इस्त्रीचा शर्ट, चेहऱ्यावर गोड हसू. इकडं मी आणि आबा, मागं दाटीवाटीनं सगळा गट. माझं इंग्रजी काही फर्डं नाही, पण रागात ते बरं चालतं. मी म्हटलं, जादाच्या वजनानं तुम्हाला बंदरावर काही तोशीस पडली असेल तर सांगा, ते आम्ही वेगळं बघू. पण बाकीचा माल नाकारायचा हक्क तुम्हाला नाही. तो हसून म्हणाला, "मॅडम, तुमच्या देशानं त्या नियमांवर सहीच केलेली नाही."

मी याच वाक्याची वाट बघत होते. म्हटलं, "आम्ही नाही, तुम्ही केली आहे. तुमचंच शेवटचं पान वाचा. कायदा तुमचा, तुम्हीच लिहिलाय, आम्ही फक्त तो पाळा म्हणतोय."

त्याचं हसू गेलं. तो कागद चाळायला लागला. आबांनी मला कोपर मारलं, "काय म्हनतोय?" मी म्हटलं, "काही नाही आबा, वाचतोय." मागून कुणीतरी म्हणालं, "वाचू द्या, वाचू द्या. निवांत वाचू द्या." आणि अख्खी शेड हसली. शेवटी तो म्हणाला, आमच्या वकिलांना विचारून कळवतो.

दुसऱ्या दिवशी कळवलं. सगळा माल ठरल्याप्रमाणं घेतला. वरची फळंही ठेवून घेतली, त्यांचंही बिल पाठवा म्हणून. आबा लगेच फुरंगटले, "वरच्याचं कसलं बिल? ते मी दिलंय." मी म्हटलं, "आबा, तुमच्या दिलदारपणापायी गट बुडायची पाळी आली होती. बिल जाणार!" बिल गेलं. आबा माझ्याशी दोन वाक्यं कमी बोलले, पण गेलं.

पुढच्या हंगामाच्या आधी गटाची बैठक झाली. मला मुद्दाम बोलावणं होतं. गेल्या खेपेला कुंपणावर बसलेले बागाईतदारही आले होते, सतरंजी कमी पडली. नवा करार समोर होता. चुलतभावानं शेवटचं पान काढलं आणि शहाणपणानं म्हणाला, "आबा, या खेपेला आपल्या देशाचा कायदा लिहा म्हणूया का? आपण का त्यांच्या कायद्याखाली राहायचं?" बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण आबांनी हात वर केला.

"ऱ्हाऊ दे त्यांचाच," आबा म्हणाले. "त्यो आमच्या पोरीला पाठ हाय."